ही भाजी नाही

काटेरी झाड दारात लावलं की घरात भांडणं होतात, असं माझ्या बायकोनं, विजयानं मला सांगितलं आणि त्यावरून आमचं भांडण झालं. झाड अजून यायचंच होतं. ते बेंगळुरूच्या एका रोपवाटिकेतून कुरिअरनं निघालं होतं, आणि वसमतला पोचायच्या आत त्यानं गुण दाखवला, असं विजया अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

झाडाचं नाव बर्खेया. मूळचं आफ्रिकेतलं. पानं काटेरी, देठ काटेरी, कळीसुद्धा काटेरी, आणि एवढ्या सगळ्या काट्यांवर डेझीसारखं मोठं, फिकट जांभळं फूल. एकदा लावलं की मुळातून वर्षानुवर्षं फुटत राहतं. त्याला लागतं काय, तर ऊन. आता हिंगोली जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचं झाड कोणतं? पाणी कमी पडलं म्हणून आमच्या कचेरीत लोक भांडायला यायचे, ऊन कमी पडलं म्हणून माझ्या सबंध नोकरीत एकही माणूस आला नाही.

पण मी काही उन्हाचा उपयोग व्हावा म्हणून हे झाड मागवलं नव्हतं. खरं कारण जान्हवी. ही माझी मुलगी, नोकरीनिमित्त बेंगळुरूला असते. रोज संध्याकाळी फोन करते. "बाबा, जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवले. आईला द्या." संपलं. मी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी कुणाच्या शेताला कधी जाणार याचे कागद माझ्या टेबलावरून गेले. मोठमोठ्या बागाइतदारांशी मी तासन्‌तास बोललो आहे. पण पोटच्या पोरीशी बोलताना मला पुढचं वाक्य सुचत नसे. मग मायलेकी अर्धा अर्धा तास बोलायच्या आणि मी शेजारी बसून पंख्याकडे बघायचो.

एकदा तिनं तिकडच्या कुठल्याशा बागेतला या फुलाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "बाबा, केवढं काटेरी आणि तरी केवढं छान. तुमची आठवण झाली." यातला पहिला भाग मी सोडून दिला. मी लगेच फोन करून विचारलं, हे आपल्याकडे येईल का? ती म्हणाली, तुम्ही लावणार? मग खत, माती, कुंडी की जमीन, असं आम्ही इतकं बोललो की शेवटी विजयानं फोन माझ्या हातातून काढून घेतला. त्या दिवसापासून फोन आला की पहिला प्रश्न, "बाबा, बर्खेया कसा आहे?" आणि मग माझी गाडी सुटायची. म्हणजे लोकांच्या दृष्टीनं ते एक रोप होतं. माझ्या दृष्टीनं त्याच्यावर माझा रोजचा फोन चालू होता, आणि रोपाला काही झालं असतं तर मी परत पंख्याकडे गेलो असतो.

रोप आलं. काळ्या पिशवीत, चार पानांचं, रुसल्यासारखं. ते घेऊन मी फाटकाजवळची उन्हाची जागा बघत उभा होतो, तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवरून मोहनसिंग राठोडांचं डोकं वर आलं. मोहनसिंग आमचे शेजारी. एसटीत ड्रायव्हर होते. शेत अजून तांड्यावर आहे, घर मात्र नोकरीमुळे इथं बांधलं. जन्मभर समोरच्या काचेतून बघायची सवय असल्यामुळे कुणाच्याही अंगणात काय चाललंय हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही.

"पंत, काय लावून राहिले?"

"बर्खेया."

"काय?"

"आफ्रिकेतलं फुलझाड आहे. बर्खेया."

"काहून? आपल्याकडली फुलं संपली काय?" ते म्हणाले. मग खाली माझ्या अंगणाकडे बघून त्यांनी मान हलवली. "ह्या काळ्या जमिनीत त्याचा टिकाव लागायचा न्हाई. ही जमीन पानी धरून बसती. खालून मुरूम टाका बराबर."

पाण्याच्या बाबतीत पाटबंधारे खात्याच्या माणसाला एका ड्रायव्हरनं शिकवावं हे मला आवडलं नाही. पण रोपाबरोबर आलेल्या चिठ्ठीतही तेच होतं. जमीन निचऱ्याची हवी, पाणी बेतानं. मला दोन घमेली मुरूम पुरला असता. दोन घमेली मुरूम विकणारा माणूस मात्र सबंध वसमत तालुक्यात नाही. मुरूम ट्रॉलीनं येतो. मी ज्याला त्याला सांगून ठेवलं की फक्त दोन घमेली हवा, आणि ज्यानं त्यानं ट्रॅक्टरवाल्याला निरोप देताना 'दोन' एवढंच लक्षात ठेवलं.

दुपारी जरा डोळा लागला होता. गडगडाट झाला म्हणून बाहेर आलो तर आमच्या फाटकासमोर एक डोंगर आणि मोहनसिंगांच्या फाटकासमोर दुसरा. आम्ही आत, ते आत, त्यांची मोटारसायकल आत. ट्रॅक्टरवाला ट्रॉली झाडून गेलासुद्धा होता.

याची बातमी लागून एक सरकारी साहेब आले. मुरूम हे गौण खनिज आहे, रॉयल्टीची पावती दाखवा, म्हणाले. मी म्हटलं, पावती ट्रॅक्टरवाल्याकडे. ते म्हणाले, मुरूम तुमच्याकडे. हा मुद्दा अगदी बिनतोड होता. मी कचेरीत असतो तर मीही हाच काढला असता.

"बांधकाम काढलंय का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. झाड लावतोय."

त्यांनी दोन्ही ढिगांकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या काळ्या पिशवीकडे पाहिलं. "हे?"

"हे."

"एकच?"

"एकच."

मी स्वतः कितीतरी लोकांना अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवलं आहे, पण त्यांच्यातल्या एकाही माणसाकडे मी असं बघितलं नव्हतं. सुदैवानं दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरवाला पावती घेऊन हजर झाला. ती त्याच्या खिशातच होती, कुणी मागितली नव्हती म्हणून त्यानं दिली नव्हती. साहेब शांत झाले. पुढे गल्लीतला प्रत्येक जण "पंत, एक घमेलं नेऊ का?" करत आला. आपापल्या दारासमोरचे खड्डे बुजवून घेतले. समोरच्या पद्माबाईंनी तर न्हाणीघरामागचा सगळा चिखल मुजवला. आमच्या गल्लीचा रस्ता आज बरा दिसतो तो एका फुलझाडामुळे, हे कुणी कुठे लिहून ठेवणार नाही. मी माझी दोन घमेली भरायला गेलो तेव्हा तिथं एकच उरलं होतं.

तेवढ्यावर बर्खेया लागला. दिवाळी होईपर्यंत त्यानं जमिनीलगत लांब, दातेरी, काटेरी पानांचा गोल धरला. मी रोज त्याच्याजवळ वाकून बघायचो आणि रोज फोनवर नवीन पान सांगायचो. जान्हवी विचारायची, किती मोठं? मी म्हणायचो, थांब, बघून येतो, आणि फोन तसाच घेऊन अंगणात जायचो. विजया म्हणायची, लेक लहान असताना तिच्या दातांकडे सुद्धा तुम्ही एवढं बघितलं नव्हतं. हे खरं होतं, म्हणून मी पुन्हा पानं मोजायला वाकलो.

संक्रांतीच्या सुमारास माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यासाठी नांदेडला जावं लागलं. विजया माझ्याबरोबर. घराची किल्ली मोहनसिंगांच्या रुख्मिणीबाईंकडे. झाडांना पाणी घाला, एवढंच विजयानं त्यांना सांगितलं होतं. परतीच्या बसमध्ये बसल्यावर त्यांचा आणखी कशाबद्दल तरी फोन आला होता, पण स्टँडवरच्या गोंगाटात विजया नुसतं ओरडत होती आणि माझं सगळं लक्ष उजव्या डोळ्यात होतं.

परत आलो ते काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. मी थेट खुर्चीत. रुख्मिणीबाईंनी येण्याच्या अंदाजानं गरम भाकरी, ठेचा आणि करडईची भाजी आणून ठेवली होती. शेजार असावा तर असा. भाजी जरा कडसर होती, पण दवाखान्याच्या जेवणानंतर मला ती अमृतासारखी लागली. मी दोनदा मागून घेतली.

"बर्खेया कसा आहे?" जेवता जेवता मी विजयाला विचारलं.

ती अंगणात गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "आहे. आत्ता ऊन आहे, उद्या बघा." दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. मग कुठे एकदा तिनं माझी खुर्ची ओट्यावर आणून ठेवली. काळ्या चष्म्यातून आणि एवढ्या लांबून मला झाड दिसलं, आणि मी थक्क झालो. केवढं भरलं होतं. जमिनीलगत बसलेला माझा बर्खेया गुडघ्याएवढा उभा राहिला होता.

"ऑपरेशनच्या काळात मी त्याच्याकडे बघितलं नाही ना," मी म्हणालो, "काही झाडांना सारखं बघितलेलं चालत नाही."

"तेच असेल," विजया म्हणाली आणि घाईघाईनं आत गेली. भिंतीवरून मोहनसिंगांचं डोकं वर आलं होतं. माझ्याकडे बघून तेही खाली गेलं. मला वाटलं, मुरमाचा सल्ला खरा ठरल्यामुळे माणूस लाजला.

जान्हवीनं फोटो मागितला. विजया म्हणे, माझा हात हलतो. मी म्हटलं, हलू दे. फोटो गेला. त्या संध्याकाळी जान्हवी फोनवर जराशी थांबली. मग म्हणाली, "वा, बाबा. चांगलाच वाढलाय की." आणि तिनं इतके प्रश्न विचारले, इतके विचारले, की मला झाडाबद्दल बोलताना माझं लहानपण, माझे वडील, आमच्या कचेरीतला तुटका पंखा, सगळं आठवलं आणि सगळं सांगूनही झालं. असा फोन मला जन्मात आला नव्हता.

मग कळ्या आल्या. काटेरी, कडक, अगदी चिठ्ठीत लिहिल्यासारख्या. मी हवेतच होतो. त्याच वेळी आमच्या वसाहतीच्या महिला मंडळानं परसबाग स्पर्धा जाहीर केली आणि मी फुलझाडांच्या गटात नाव दिलं. झाडाचं मराठी नाव सांगा, असं मंडळाच्या सचिव करुणाताई म्हणाल्या. मी म्हटलं, मराठी नाव नाही. त्या म्हणाल्या, मराठी नाव नसेल तर नोंद कशी करू? शेवटी 'परदेशी पाहुणा' या नावानं नोंद झाली. विजयानं मला नाव मागे घ्यायला सांगितलं, तेही इतक्यांदा की मला तिच्या हेतूचा संशय आला. तिच्या मोगऱ्याचंही नाव त्याच गटात होतं.

महाशिवरात्रीला जान्हवी आली. औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन आम्ही सगळे घरी परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षक यायचे होते. परीक्षक म्हणजे संतोष, आमच्या भागातला कृषी सहाय्यक. चांगला मुलगा. माझा चष्मा उतरला होता, दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं, आणि त्याच सकाळी पहिली कळी उमलली.

पिवळी. पिवळी म्हणजे अगदी हळदीसारखी, कडेला केशरी. पाकळ्यांचा पत्ता नाही, नुसता झुपका.

"थंडीमुळे रंग बदलला असेल," मी म्हणालो.

अंगणात महिला मंडळ उभं होतं, मोहनसिंग आणि रुख्मिणीबाई होत्या, विजया तुळशीआड उभी होती. संतोष झाडासमोर वाकला, उठला, मग पुन्हा वाकला. बहुतेक सभ्य शब्द शोधत होता.

"काका, हे तुम्ही कुठून मागवलं?"

"बेंगळुरूहून. आफ्रिकेतलं आहे."

"काका," तो हळूच म्हणाला, "करडई आहे ही."

मी पाटबंधारे खात्यात होतो. 'पीक करडई, हंगाम रब्बी, पाणी एक' हे मी किती कागदांवर लिहिलं असेल त्याला हिशेब नाही. मी संतोषला तसं सांगितलं. सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी करडई ओळखतो ती कागदावर.

"मग माझा बर्खेया कुठाय?" मी विचारलं.

रुख्मिणीबाई पुढं आल्या. पदर सारखा करत म्हणाल्या, "भाऊ, म्या खरं सांगते. तुमी नांदेडला गेल्ते तवा म्या वैनीला फोन केलता. म्हन्लं, वैनी, फाटकापाशी हे करडईसारखं काय आलंय? तर वैनी म्हन्ल्या, बरं खाया."

"बर्खेया!" विजया तुळशीआडून ओरडली. "मी बर्खेया म्हणाले होते."

"तेच की. बरं खाया. म्या म्हन्लं, बरं खाया तर खाऊ. जून व्हऊन राहिली व्हती, वाया गेली असती. खुडली अन् केली भाजी."

"खाल्लीत तुम्ही?"

"आमी कुठं? आमी चवीपुरती. समदी तुमाला आनून दिली की, भाऊ. दवाखान्यातून येऊन राहिले म्हनून. तुमी तर दोनदा मागितली."

मोहनसिंगांनी खोकून घसा साफ केला. मग त्यांनी बाकीचं सांगितलं. विजयाला त्या दुपारी रिकामी जागा दिसली. मग रुख्मिणीबाईंना चूक कळली, मग दोघींनी डोकं लावलं. मोहनसिंगांनी शेतातली एक करडई ढेकळासकट काढून मोटारसायकलवरून आणली आणि मी आत झोपलेला असताना ती तिथं लावली. "तुमचा डोळा ताजा व्हता, पंत," ते म्हणाले, "तवा तकलीफ नको म्हन्लं."

म्हणजे एका घरानं बर्खेयाला करडई समजून शिजवलं, आणि दुसऱ्या घरानं करडईला बर्खेया समजून तिच्याबद्दल महिनाभर बेंगळुरूला बातम्या दिल्या. संतोष भला, त्यानं यातलं काही लिहून घेतलं नाही. स्पर्धेत विजयाच्या मोगऱ्याला पहिला नंबर आला. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, भाजीपाला गटात.

सगळे गेल्यावर मी ओट्यावरच्या खुर्चीत बसून राहिलो. हसं झालं त्याचं मला फार काही वाटलं नव्हतं. कचेरीत यापेक्षा मोठमोठ्या लोकांपुढे माझं हसं झालेलं आहे. पण जान्हवी उद्या जाणार होती, आणि परवा संध्याकाळी फोन येणार होता, आणि मी त्याच्यावर काय बोलणार होतो? जेवलो. तू?

ती येऊन पायरीवर बसली.

"तुला वाईट वाटलं असेल," मी म्हणालो. "महिनाभर तुला खोटंच सांगत होतो म्हणायचं."

"मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"पहिला फोटो आला तेव्हाच. करडई मला ओळखू येत नाही का? राठोडकाकूंच्या शेतात लहानपणी माझा फ्रॉक फाटला होता तिच्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलत होता ना. आजोबांबद्दल, तुमच्या कचेरीतल्या पंख्याबद्दल. मला वाटलं, करडई म्हटलं तर तुम्ही गप्प व्हाल. मग परत मी विचारणार, जेवलात का."

मला रडू आलं. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला एक सोय असते. विजयानं आतून विचारलं, डोळ्यात थेंब घातले का? मी म्हटलं, हो.

जान्हवी उठून करडईपाशी गेली. मला वाकायची अजून बंदी होती, तिला नव्हती. खालची पानं बाजूला करून ती बघत राहिली. मग तिनं एकदम मला हाक मारली, आणि मी बंदी विसरून तिच्या शेजारी उकिडवा बसलो. करडईच्या बुडाशेजारी, मुरमातून, दोन बारीक पानं वर आली होती. दातेरी, काटेरी, आणि खालच्या बाजूनं पांढरट. करडईचं पान खालून असं पांढरं नसतं. एवढं मला आता कागदाशिवाय कळत होतं.

भिंतीवरून दोन डोकी वर आली. एक मोहनसिंगांचं, एक रुख्मिणीबाईंचं.

"म्या मूळ उपटलं नव्हतं, भाऊ," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "करडई काय कुनी उपटत असतंय? वरून खुडायची. तेच्याच बाजूला ही लावलीती."

मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना हात जोडले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय, म्हणून त्या हसत खाली गेल्या. मी थट्टा करत नव्हतो.

जाण्याआधी जान्हवीनं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात एक पाटी लिहिली आणि दोन पानांच्या मागे रोवली. 'ही भाजी नाही.' आता येणारा-जाणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबतो आणि विचारतो, भाजी नाही तर मग काय आहे? मी नाव सांगतो. मग तो म्हणतो, बरं खाया? असं कसं, पाटीवर तर नाही म्हणून लिहिलंय. पद्माबाईंनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, खरं सांगा पंत, एकट्यानं खायला ठेवलीय ना?

करडई उन्हाळ्यात वाळली. मोहनसिंगांनी ती शेतात नेऊन झोडपली आणि मूठभर बी मला आणून दिलं. बर्खेया मात्र वाढतोय. काल संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी अंगणातच होतो.

"बाबा, जेवलात का?"

"ते तू आईला विचार," मी म्हणालो. "आधी माझं ऐक. कळी आली आहे."